रेकॉर्डिंगमधला डास : यूएसबी माइकची पुन्हा पुन्हा येणारी गुणगुण

माझ्या रेकॉर्डिंगमध्ये एक डास राहतो. अधूनमधून गायब होतो, मला वाटतं मेला एकदाचा. आणि दोन महिन्यांनी एखादं चाळीस मिनिटांचं वाचन संपवून हेडफोन कानाला लावावा, तर स्वारी दोन वाक्यांच्या मधल्या जागेत हजर. बारीक, सरळ, एकाच पट्टीतली गुणगुण. मी बोलत असताना ती झाकली जाते. श्वासासाठी थांबलो की लगेच डोकं वर काढते.

यूएसबी माइकवर घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या बऱ्याच जणांना ही गुणगुण ओळखीची असणार. तिच्यावर मिळणारे सल्लेही ओळखीचे : ड्रायव्हर काढून पुन्हा टाका, सॉफ्टवेअर बदला, माइकच खराब आहे, नवा घ्या. मी तिन्ही केलं. नव्या माइकने महिनाभर शांतता दिली, मग तिथेही डास आला. तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की माइक कुठला आहे यापेक्षा तो कुठे आणि कसा जोडलाय हे बघायला हवं.

खाली उदाहरणं ऑडॅसिटी या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची दिली आहेत, कारण ते फुकट मिळतं आणि घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या बहुतेकांनी एकदा तरी वापरलेलं असतं. रीपर, गॅरेजबँड किंवा आणखी काही वापरत असाल तर बटणांची नावं बदलतील, कारणं तीच राहतील.

हवेतून की तारेतून?

पहिलं काम हे ठरवायचं की आवाज खोलीत आहे की तारेत. यात कानावर विसंबू नका, कारण कान शांत खोलीतही काहीतरी ऐकतोच. पंखा बंद करा, माइक नेहमीच्या जागी ठेवा आणि तीस सेकंद काही न बोलता रेकॉर्ड करा. मग गेनला (माइक आवाज किती वाढवून घेतो त्या बटणाला) हात न लावता माइक जाड पांघरुणात गुंडाळा, वर उशी दाबा आणि पुन्हा तीस सेकंद घ्या. दोन्ही तुकडे सारखेच वाढवून, समजा ३० डेसिबलने, हेडफोनवर ऐका. (हेडफोनचा आवाज आधी कमी करून ठेवा, नाहीतर कानठळ्या बसतील.)

मी हे केलं तेव्हा पांघरुणातल्या तुकड्यातून रस्त्याची घरघर गेली, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक गेली, लॅपटॉपच्या पंख्याची फुरफुर गेली. डास मात्र जागच्या जागी. उलट बाकीची गर्दी हटल्यामुळे जास्तच ठसठशीत. याचा अर्थ स्वच्छ आहे : तो माइकच्या जाळीतून आत येत नव्हता. जाळीच्या मागे कुठेतरी त्याची पैदास होत होती.

उलट झालं, म्हणजे पांघरुणात गुणगुण मंदावली, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. काही लॅपटॉपच्या सर्किटमधली कॉइल स्वतःच बारीक आवाजात गाते, काही चार्जर गातात. त्यावर उपाय एकच, तो डबा माइकपासून लांब ठेवा.

एक हजारची सुई

गुणगुण तारेतली आहे हे ठरलं की पुढचा पुरावा डोळ्यांनी बघायचा. पांघरुणातला तुकडा सिलेक्ट करा आणि ॲनलाइझ मेन्यूतून प्लॉट स्पेक्ट्रम उघडा. साइझ १६३८४ ठेवा. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाची किती मापं, म्हणजे सॅम्पल, घेतली जातात तो आकडा) त्यात साधारण २.७ हर्ट्झपर्यंतचा फरक दिसतो. आडवा अक्ष लॉगऐवजी लिनिअर, म्हणजे सारख्या अंतराचा, करा. हे महत्त्वाचं आहे, कारण लॉगमध्ये जे नुसतं खडबडीत दिसतं ते लिनिअरमध्ये ओळीने उभं राहतं.

माझ्या आलेखात जमिनीलगतच्या सपाट गवतात सुया रोवाव्यात तसं दिसत होतं. पहिली सुई १००० हर्ट्झवर. पुढची २०००, मग ३०००, ४०००, अशा सारख्या अंतरावर, कंगव्याच्या दातांसारख्या. कर्सर पहिल्या सुईवर नेला तर खाली पीक म्हणून १००० हर्ट्झ आणि शेजारी सगळ्यात जवळचा स्वर म्हणून बी ५. निसर्गात इतका गोल आकडा सहसा भेटत नाही. हजार दिसला की समजायचं, इथे कुठलं तरी घड्याळ चाललंय.

ते घड्याळ यूएसबीचं. यूएसबीची तार दोन कामं एकत्र करते : माइकला ५ व्होल्टची वीज देते आणि आवाजाचा डेटा संगणकाकडे नेते. बरेचसे यूएसबी माइक फुल स्पीड नावाच्या जुन्या वेगाने चालतात, सेकंदाला १२ मेगाबिट. या वेगात सगळी देवाणघेवाण १ मिलिसेकंदाच्या चौकटीत होते. म्हणजे माइकने जमवलेले सॅम्पल गठ्ठा बांधून सेकंदाला १००० वेळा रवाना करायचे. सॅम्पल रेट ४८,००० असेल तर गठ्ठ्यात साधारण ४८ सॅम्पल. ४४,१०० असेल तर भागाकार सुटत नाही, म्हणून ४४ चे नऊ गठ्ठे आणि दहावा ४५ चा.

प्रत्येक गठ्ठा निघताना माइकच्या आतली चिप विजेचा एक जादा घोट घेते. सेकंदाला हजार घोट, म्हणजे ५ व्होल्टची पातळी हजार वेळा किंचित हलते. वरच्या मजल्यावर कोणी नळ सोडला की खालच्या शॉवरची धार बारीक होते, तसंच. आता त्याच विजेवर माइकच्या पोटातला प्रीॲम्पही चालतो, ज्याचं कामच मुळी कॅप्सूलकडून (आवाज झेलणाऱ्या भागाकडून) येणारा मिलिव्होल्टमधला सिग्नल मोठा करणं. चांगल्या माइकमध्ये या दोघांच्या मधे नीट गाळणी बसवलेली असते. ती कमी पडली की प्रीॲम्प विजेच्या डुगडुगीलाच आवाज समजतो आणि इमानेइतबारे वाढवून देतो.

हाय स्पीडची, म्हणजे ४८० मेगाबिटची उपकरणं १२५ मायक्रोसेकंदांच्या चौकटीत चालतात. त्यांची सुई ८००० हर्ट्झवर शोधा.

आणि सुया ५०, १००, १५० किंवा ६०, १२०, १८० अशा दिसल्या तर तो डास नाही, भुंगा आहे. ती घरच्या विजेची घुमघुम. तिचं मूळ चार्जर, दिवा किंवा अर्थिंगमध्ये असतं. लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. बहुतेक वेळा तिथेच निकाल लागतो.

गेला तर परत का येतो?

आता माझ्या डासाचा इतिहास. तो तीन वेळा गेला आणि तीन वेळा परत आला. दर वेळी मी ज्याला उपाय समजलो तो खरं तर योगायोग होता.

पहिल्यांदा चार्जर काढल्यावर गुणगुण एकदम निम्म्यावर आली. मी खूश. चार्जर लावला की लॅपटॉपला ग्राउंडची आणखी एक वाट मिळते आणि संगणकाच्या पोटातली सगळी खळबळ माइकच्या तारेतल्या ग्राउंडवरून फिरू शकते. ती वाट तोडली म्हणून आवाज कमी झाला. पण चाळीस मिनिटांचं वाचन म्हणजे तयारी धरून दोन तास, आणि माझी बॅटरी तेवढी टिकत नव्हती. सहा आठवड्यांनी मी नकळत चार्जर लावून बसायला लागलो होतो.

दुसऱ्यांदा माइक हबमधून (एका पोर्टाची अनेक पोर्टं करणाऱ्या डबीतून) काढून लॅपटॉपला थेट लावला आणि डास गेला. हबवर त्याच्या शेजारी बाहेरची हार्ड डिस्क होती. बाहेरून वीज न घेणाऱ्या हबचं गणित बघा : यूएसबी २ च्या एका पोर्टमधून त्याला ५०० मिलिअँपियर मिळतात आणि नियमाप्रमाणे त्यातून तो पुढच्या प्रत्येक पोर्टला १०० देऊ शकतो. त्या तुटपुंज्या शिध्यावर डिस्क आणि माइक दोघं जेवायला बसलेले. डिस्क फिरायला लागली की माइकच्या ताटातलं जाणारच. काही दिवसांनी प्रिंटरसाठी पोर्ट हवं झालं, माइक पुन्हा हबवर गेला. पुढचं सांगायला नको.

तिसरी वेळ सगळ्यात खजील करणारी. चार्जर काढलेला, माइक थेट पोर्टात, केबल आखूड, आणि तरी डास पूर्वीइतकाच. दोन संध्याकाळी वाया घालवल्यावर मी जुना, स्वच्छ तुकडा आणि नवा तुकडा कच्च्या स्वरूपात एकाखाली एक ठेवले. सुई दोन्हीकडे सारख्याच उंचीची होती! बदलला होता तो माझा आवाज. नवीन, मोठा कीबोर्ड आल्यामुळे माइक मागे सरकला होता. पूर्वी तोंडापासून वीतभर असायचा, आता हातभर. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. मग शेवटी मी नॉर्मलाइझ करून आवाज जागेवर आणायचो आणि त्याच्यासोबत डासही ६ डेसिबल वर उचलला जायचा.

म्हणून आता कोणी विचारलं की गुणगुण कशी घालवू, तर माझा पहिला प्रश्न असतो : तोंड आणि जाळी यांच्यात किती बोटं आहेत? दहा ते पंधरा सेंटिमीटर ठेवा, समोर पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी) लावा, ‘प’ आणि ‘भ’ फुटत असतील तर माइक तोंडाच्या थोडा बाजूला घ्या. आणि माइक कुठल्या बाजूने ऐकतो ते एकदा तपासा. उभे, जाडजूड कंडेन्सर यूएसबी माइक बऱ्याचदा पोटातून ऐकतात, डोक्यातून नाही. गाणाऱ्यांच्या हातातल्या माइकसारखं त्यांच्या टोकाशी बोलणारे लोक मी पाहिले आहेत, त्यातला एक आरशात.

गेनची परीक्षा

डास साखळीत नेमका कुठे शिरतो हे कळायला आणखी एक सोपा प्रयोग आहे. माइक पांघरुणातच ठेवा. त्याच्या अंगावरचं गेनचं बटण सगळ्यात खाली नेऊन तीस सेकंद, मध्यावर तीस सेकंद, पूर्ण वर तीस सेकंद. तिन्ही तुकड्यांत १००० ची सुई किती उंच आहे ते लिहून ठेवा.

गेनबरोबर सुईही चढत गेली तर घुसखोरी प्रीॲम्पच्या आधी किंवा प्रीॲम्पमध्येच होतेय. अशा वेळी गेनशी खेळून काही मिळत नाही. आवाज आणि डास बरोबरच वरखाली होतात. जवळ बोलणं आणि वीज सुधारणं, एवढंच हातात उरतं.

सुई तिन्हीकडे जवळपास सारखीच राहिली तर घुसखोरी प्रीॲम्पच्या पुढे आहे. ही चांगली बातमी. गेन वाढवा म्हणजे आवाज वर चढेल आणि डास खालीच राहील. क्लिपिंगच्या, म्हणजे आवाज कमाल पातळीला जाऊन फाटण्याच्या, भीतीने गेन अगदी तळाला ठेवून नंतर सॉफ्टवेअरमध्ये वाढवायची सवय अनेकांना असते, आणि नेमकी तीच इथे घात करते. बोलताना शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान नाचतील एवढा गेन ठेवा.

काय विकत घ्यावं, काय नको

केबलला चिकटवायचे काळे फेराइटचे मणी घेऊ नका. म्हणजे घ्या, दुसऱ्या कशासाठी उपयोगी पडतील. पण ते काम करतात मेगाहर्ट्झच्या गर्दीवर, आणि आपला डास एक हजार हर्ट्झचा. त्याला तो मणी दिसतही नाही.

केबल आखूड घ्या. यूएसबी २ ची मर्यादा ५ मीटर आहे म्हणून ५ मीटरची घ्यायची असं नाही. लांब, बारीक तारेत विजेची पातळी जास्त पडते आणि घोटागणिक जास्त हलते. माइकसोबत आलेली केबल लांब असेल तर मीटरभराची, जरा जाड तारेची लावून बघा.

स्वतःचा ॲडॅप्टर असलेला हब कधी फायद्याचा ठरतो, कधी उलट, कारण हलक्या ॲडॅप्टरची स्वतःची कुरकुर असते. कोणाचा उसना मिळाला तर आधी लावून बघा.

यूएसबी आयसोलेटर ही मला खरोखर उपयोगी पडलेली वस्तू. काडेपेटीएवढी डबी असते. आत डेटा चुंबकीय जोडणीतून पलीकडे जातो, वीज छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून, आणि दोन्ही बाजूंच्या ग्राउंडचा थेट संबंध तुटतो. चार्जरमुळे येणारा भाग त्यामुळे गेला. आता मी चार्जर लावून बसतो. साध्या आयसोलेटरचा वेग १२ मेगाबिटपुरताच असतो, पण एका चॅनलच्या १६ बिट, ४८,००० च्या आवाजाला सेकंदाला ७६८ किलोबिटच लागतात, तेव्हा फुल स्पीड माइकला तो पुरतो. हाय स्पीड उपकरणाला मात्र हाय स्पीडचाच आयसोलेटर हवा. आणि एक गोष्ट आधीच सांगतो : गठ्ठे पाठवणारी चिप माइकच्या आत आहे. तिचा घोट आयसोलेटरच्या अलीकडेच पडतो. त्यामुळे सुई बसकी होईल, नाहीशी होईलच असं नाही.

जे रेकॉर्ड झालंय त्याचं काय

पुन्हा वाचायची ताकद नसेल तर नॉच फिल्टर, म्हणजे एकाच फ्रीक्वेन्सीभोवतीचा चिंचोळा भाग कापणारा इफेक्ट. पहिल्यांदा मी नॉइज रिडक्शनवर सगळा भार टाकला होता आणि आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा लागत होता. नॉइज रिडक्शन सगळ्या पट्टीवर हात फिरवतं. आपल्याला तर ठरावीक जागचे काटे उपटायचे आहेत.

नॉच फिल्टरमध्ये फ्रीक्वेन्सी १०००, क्यू (जितका मोठा तितकी फट अरुंद) ३०. एवढ्याने १००० च्या आसपासची साधारण ३३ हर्ट्झची चिंचोळी फट कापली जाते आणि बोलण्याच्या आवाजाला त्याचा पत्ता लागत नाही. मग २०००, ३००० करत स्पेक्ट्रममध्ये जिथपर्यंत सुया दिसतात तिथपर्यंत. क्यू तोच ठेवला तर वर जाताना फट रुंद होत जाते, ८००० ला ती २६७ हर्ट्झ होईल. म्हणून फ्रीक्वेन्सीच्या प्रमाणात क्यूही वाढवा : २००० ला ६०, ३००० ला ९०. हे एकदा मॅक्रोमध्ये (साठवून ठेवलेल्या पायऱ्यांच्या यादीत) बसवलं की पुढच्या वेळी एका क्लिकचं काम.

क्रम चुकवू नका. नॉच आधी, कच्च्या ट्रॅकवर. कॉम्प्रेसर (मोठ्या आणि बारीक आवाजातलं अंतर कमी करणारा इफेक्ट) आणि नॉर्मलाइझ नंतर. कॉम्प्रेसर आधी लावला की तो शांत जागा वर उचलतो, बोलण्याच्या चढउतारासोबत डास फुगतो आणि आक्रसतो, आणि तसा हलता डास कानाला स्थिर डासापेक्षा कितीतरी जास्त टोचतो.

टकटक

डासाच्या खालोखाल तक्रार असते ती टकटकीची. मधेच काचेवर नख वाजल्यासारखा आवाज. तरंग पुरेसा मोठा करून बघा. गुळगुळीत रेषा चालता चालता एका सॅम्पलवर उभी तुटलेली, पायरीसारखी, आणि पलीकडे भलत्याच उंचीवरून पुढे सुरू. ओठांचा किंवा लाळेचा आवाज असा कधीच नसतो. त्याला चढण आणि उतार दोन्ही असतात. पायरी म्हणजे मधला तुकडा हरवला. माइकने पाठवला, संगणक वेळेवर घ्यायला आला नाही. ऑडॅसिटीत ड्रॉपआउट ओळखण्याची सोय चालू असेल तर ते अशा जागी लेबल लावून देतं.

संगणक येणारा आवाज आधी बफर नावाच्या बादलीत साठवतो आणि मग उचलतो. ४८,००० च्या रेटला २५६ सॅम्पलची बादली ५.३ मिलिसेकंदांत भरते, १०२४ ची २१.३ मध्ये. बादली छोटी असेल तर संगणकाला सतत धावत यावं लागतं. गिटार वाजवताना इफेक्ट लावून स्वतःला ऐकणाऱ्याला छोटी बादली लागते, नाहीतर बोट आणि सूर यांच्यात अंतर पडतं. त्याच्यासाठीचा सल्ला वाचून नुसतं बोलणारे लोकही बफर कमी करतात आणि टकटक ओढवून घेतात. बोलण्याच्या रेकॉर्डिंगला मोठा बफर ठेवा, काही बिघडत नाही. स्वतःला ऐकायचं असेल तर माइकच्या अंगावरच्या हेडफोन जॅकमधून ऐका. तिथे आवाज संगणकाला वळसा न घालता थेट येतो, म्हणून उशीर जाणवत नाही.

बफर मोठा असूनही टकटक होत असेल तर वायफाय बंद करून एक चाचणी घ्या. फायली आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये प्रोजेक्ट साठवू नका. रेकॉर्ड होत असलेली, क्षणोक्षणी फुगणारी फाइल ते सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा उचलायला बघतं. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) बंद करा. तरी नाही तर लेटन्सीमॉन नावाचा छोटा प्रोग्रॅम दहा मिनिटं चालू ठेवा. कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून बसतो ते तो नावानिशी सांगतो. माझ्याकडे तो वायफायचा निघाला.

टक अगदी ठरावीक अंतराने येत असेल तर संशय घड्याळांवर घ्या. माइकमध्ये घड्याळाचा ठोका देणारा एक क्रिस्टल, साउंड कार्डमध्ये दुसरा. दोघांत दहा लाखात ५० चा फरक असला तरी तासाला ०.१८ सेकंदाचं अंतर पडतं, आणि ते भरून काढायला कोणीतरी अधूनमधून एखादं सॅम्पल गाळतं किंवा दोनदा वाजवतं. इथेही औषध तेच : हेडफोन माइकलाच लावा, म्हणजे बोलणं आणि ऐकणं एकाच क्रिस्टलवर. मॅकवर दोन उपकरणं जोडून ॲग्रिगेट डिव्हाइस केलं असेल तर ड्रिफ्ट करेक्शनची खूण करायला विसरू नका.

आवाज चिमणीसारखा किंवा राक्षसासारखा येत असेल तर ४४,१०० आणि ४८,००० यांची गल्लत. दहा मिनिटांचं बोलणं ९ मिनिटं ११ सेकंदांत संपतं आणि पट्टी जवळजवळ दीड सेमीटोन चढते. सिस्टिम, माइक आणि प्रोजेक्ट तिन्ही ठिकाणी एकच आकडा ठेवा. विषय संपला.

पोर्ट बदललं की सगळं विसरतं

आता ती गोष्ट, जी मला आधी कोणी सांगितली असती तर बरेच तास वाचले असते. माइकला स्वतःचा सीरियल नंबर नसेल तर विंडोज त्याला पोर्टावरून ओळखतं. तोच माइक दुसऱ्या पोर्टात घातला की तो विंडोजसाठी नवा पाहुणा. नावापुढे २ चा आकडा लागतो आणि पहिल्या पोर्टावर केलेली सेटिंगं, म्हणजे लेव्हल, सॅम्पल रेट, बंद केलेले एन्हान्समेंट (विंडोज आवाजात आपणहून करतं ते बदल), त्याला लागू राहत नाहीत. आपण म्हणतो, ‘काल तर नीट होतं!’ काल दुसरं पोर्ट होतं.

मी एका पोर्टाशेजारी पांढऱ्या चिकटपट्टीवर ‘माइक’ लिहून लावलंय. फार तंत्रशुद्ध उपाय नाही, पण निम्म्या तक्रारी त्याने थांबल्या.

ऑडॅसिटी उपकरणांची यादी उघडताना बनवतं. आधी माइक लावा, मग ऑडॅसिटी उघडा. उलट झालं असेल तर रीस्कॅन ऑडिओ डिव्हाइसेस. आणि लाल बटण दाबण्यापूर्वी माइकच्या जाळीवर नख घासा. मीटर जोरात उडाला पाहिजे. नख घासूनही मीटर झोपलेला असेल तर तुम्ही लॅपटॉपच्या अंगच्या माइकवर बोलताय. एक अख्खं प्रकरण त्या माइकवर, कीबोर्डच्या खडखडाटासकट वाचून झाल्यावर मला नखाची सवय लागली. ब्लूटूथ हेडफोन जोडलेला असेल तर आणखी सावध, कारण त्याचा माइक निवडला गेला की सगळं फोनवर बोलल्यासारखं होतं. तिथे सॅम्पल रेट बऱ्याचदा ८,००० किंवा १६,००० वर उतरतो.

मीटर मेलेला आणि रेषा अगदी सपाट, त्यात श्वासाइतकीही हालचाल नाही, असं असेल तर परवानगीचा मामला. मॅकवर २०१८ च्या मोहावीपासून प्रत्येक प्रोग्रॅमला माइकची परवानगी वेगळी द्यावी लागते. नाकारली तर बऱ्याचदा चूक दाखवली जात नाही, मुकाट शांतता रेकॉर्ड होते. विंडोजमध्येही प्रायव्हसीखाली मायक्रोफोन आहे. तिथे डेस्कटॉप ॲप्सना परवानगी देणारं खालचं बटण लोकांच्या नजरेतून सुटतं.

आणि लेव्हल आपोआप बदलत असेल तर व्हिडिओ मीटिंगचं ॲप बघा. माइकचा आवाज आपणहून जुळवणारी त्यातली सोय सिस्टिमची लेव्हलच हलवते आणि मीटिंग संपल्यावर ती जागेवर ठेवेलच असं नाही. सकाळी मीटिंग, संध्याकाळी रेकॉर्डिंग आणि ‘आज आवाज का बारीक?’ या कोड्याचं उत्तर तिथे असतं. ती खूण काढून टाका.

शांततेची फाइल

आता मी प्रत्येक वाचनाआधी तीस सेकंद शांतता रेकॉर्ड करतो आणि तारखेच्या नावाने वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. एमपी३ मध्ये नाही, वेव्हमध्ये, कारण एमपी३ बारीक आवाज खाऊन टाकतं आणि पुरावाच नष्ट होतो. फाइलच्या नावात पोर्ट, चार्जर आणि गेन : ‘डावं पोर्ट, चार्जर चालू, गेन ११ वाजता’. गेनच्या बटणावर आकडे नाहीत, म्हणून घड्याळाच्या काट्यासारखं लिहितो.

मागच्या महिन्यात डास पुन्हा आला. चिकटपट्टीचं पोर्ट तेच, गेन तोच, तोंडापासून अंतर वीतभर. आदल्या आठवड्याची शांतता आणि त्या दिवशीची शांतता शेजारी ठेवली : सुई १४ डेसिबलने उंच. मग टेबलाखाली वाकून बघितलं. माइकच्या लगतच्या पोर्टात कोणीतरी फोन चार्जिंगला लावला होता. केबल टेबलामागून गेल्यामुळे दिसत नव्हती. फोन काढला, पुन्हा तीस सेकंद घेतले, सुई खाली बसली. मग वाचायला बसलो, तर रस्त्यावर कुत्री भुंकायला लागली.